आडव्या ‘र’चा मार्ग

कालिंदी तारळेकरांचा पहिला शब्द हरवला तो दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाला.

“हा कप नको,” त्या म्हणाल्या. “चहा — कपात दे.”

मधल्या रिकाम्या जागी त्यांच्या गळ्याजवळच्या पेटीतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला.

“कुठल्या कपात, आई?” हेमांगीने विचारलं.

“— कपात.” पुन्हा टक्. कालिंदीबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, “निळ्या कपात.”

हेमांगीने दाटसर केलेला चहा निळ्या कपात ओतला आणि चमच्याने भरवायला सुरुवात केली. तापाचा अशक्तपणा असेल, असं तिला वाटलं. पण संध्याकाळपर्यंत असे चार शब्द गेले. बुधवारी आणखी सात.

कालिंदीबाई मिरजेच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं उद्घोषक होत्या. ‘सांगली, इस्लामपूर, कऱ्हाडमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी तिसऱ्या फलाटावर लागलेली आहे’ हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल, कुणी मोजलं नव्हतं. भाजी घ्यायला गेल्या तरी लोक आवाजावरून ओळखायचे. निवृत्त होऊन वर्ष झालं आणि त्यांची जीभ अडखळू लागली. मग बोटं, मग पाय. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. हुकूम सुटतो, पण पोचत नाही. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. बहुतेकांची, सगळ्यांची नव्हे. निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दहांतल्या एखाद्या रुग्णाची भाषाही पुढे विरत जाते. हेमांगीने ते ऐकलं आणि मनाच्या तळाशी टाकून दिलं.

आवाज पूर्ण जाण्याच्या बेतात असताना कालिंदीबाईंना ‘मध्यमा’ बसवण्यात आली. आपल्याकडे वाणीचे चार टप्पे मानतात. ओठांतून बाहेर पडते ती वैखरी. तिच्या आधी शब्द मनात जुळलेला असतो, उच्चारलेला नसतो, ती मध्यमा. यंत्राचं नाव त्यावरून ठेवलं होतं. कवटीच्या आत, जीभ आणि ओठ हलवायचे हुकूम मेंदूच्या ज्या पट्ट्यात तयार होतात तिथे, पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी बसवलेली. एखादा शब्द म्हणायचा असं मनात आणलं की तिथल्या पेशी ठरावीक क्रमाने जाग्या होतात. तो क्रम म्हणजे त्या शब्दाचा ठसा.

रोज सराव करून एकेका शब्दाचा ठसा घेण्यात आला. मराठीत शब्द एका रूपात बसत नाही. घर, घरात, घरातून, घराला, प्रत्येकाचा ठसा वेगळा. या ठशांची एक यादी पेटीत होती. आणि यादीतल्या प्रत्येक शब्दामागे एक फाइल होती, तो शब्द कालिंदीबाईंच्याच आवाजात साठवलेली. स्टँडवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून तो आवाज घडवला होता. फाइलचं नाव म्हणजे तो शब्दच, देवनागरीत. अशा अकरा हजार चारशे बत्तीस फाइली. पेटी ठसा ओळखायची, यादीतून शब्द उचलायची, त्या नावाची फाइल शोधायची आणि वाजवायची. फाइल सापडली नाही तर ‘टक्’ करून गप्प राहायची. सुरुवातीच्या एका रुग्णाच्या तोंडी यंत्राने अंदाजाने भलताच शब्द घातला होता आणि त्या घरात मोठा गहजब झाला होता. तेव्हापासून नियमच होता: फाइल नाही तर अंदाज नाही.

महिन्यापूर्वी कंपनीने जुनी पेटी बदलून नवी, हलकी पेटी दिली होती. पहिले तीन आठवडे जुनी पेटीही आधाराला म्हणून घरात चालू ठेवली होती. सगळं सुरळीत होतं. मग छातीत संसर्ग होऊन कालिंदीबाई आठ दिवस दवाखान्यात राहिल्या. तोंडावर मास्क, अंगात ताप, बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन जुनी पेटी घेऊन गेला. ताप उतरला. श्वासाची ताकद मात्र परत आली नाही, आणि शब्द गळू लागले.

डॉ. नसीमा पटवेगार पाच वर्षं त्यांच्यावर उपचार करत होत्या. शुक्रवारी त्या चित्रांचा संच घेऊन घरी आल्या.

“हे काय आहे, मावशी?”

“घर.”

“आणि घराच्या पुढे, चढून जायला?”

टक्.

“या माणसाच्या हातात काय आहे? लाकूड तोडतोय बघा.”

टक्.

“बरं, एक ते पाच मोजा.”

कालिंदीबाईंनी मोजलं.

“आता फलाट सांगा. पहिल्या फलाटावर, तिथून पुढे.”

“पहिल्या,” कालिंदीबाई म्हणाल्या. टक्. टक्. “चौथ्या. पाचव्या.” मग त्यांनी नजर वर उचलली. “मशीन बिघडलंय, डॉक्टर. मी नाही.”

डॉक्टरांनी ते वाक्य लिहून घेतलं. कंपनीकडे विचारणा केली. संध्याकाळी उत्तर आलं: जुन्या पेटीत अकरा हजार चारशे बत्तीस फाइली, नव्या पेटीत अकरा हजार चारशे बत्तीस फाइली, एकही कमी नाही, यंत्रात दोष नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आल्या आणि जाताना बाहेरच्या पायऱ्यांवर हेमांगीपाशी थांबल्या.

“भाषा जायला लागलेले रुग्ण बऱ्याचदा यंत्रालाच दोष देतात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मला हे बोलायला जड जातंय. पंधरा दिवसांनी अजून एक चाचणी घेऊ. तीही अशीच आली तर पुढचे निर्णय कायद्याने तुमच्याकडे येतील. आणि निर्णय फार लांब नाही. महिन्याभरात गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल, मग कायमचं श्वासयंत्र. ते घातलं तर त्या अजून कितीतरी वर्षं जगू शकतील. पण भाषाच राहणार नसेल तर आपण नेमकं काय लांबवतोय, याचा विचार करा.”

हेमांगी सांगलीच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत होती. दोन वर्षांपासून अर्धा दिवस काम आणि उरलेला दिवस आई. वडील नव्हते, भावंड नव्हतं. तिने वाकून दारातल्या चपला रांगेत लावल्या.

“मग नको,” ती म्हणाली. “नुसतं पडून राहणं तिला सोसायचं नाही.”

तिला तेव्हा वाटलं की आपण हे आईच्या वतीने बोललो.

त्यानंतरचे दिवस हेमांगीला पुढे कधी नीट आठवावेसे वाटले नाहीत. ती आईशी छोट्या छोट्या वाक्यांत बोलू लागली, जरा मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करून. गाऊन कुठला घालायचा ते आपणच ठरवू लागली. टीव्ही आपणच लावायचा, आपणच बंद करायचा. शेजारच्या बाई भेटायला आल्या की खाटेपाशी उभं राहून हेमांगीला विचारायच्या, “काय म्हणतात आई? ओळखतात ना?” आणि हेमांगी उत्तर द्यायची.

डोळ्यांनी अक्षरं दाखवायचा तक्ता पूर्वी घरात होता. पण पापण्याही आता लवकर थकत, म्हणून तो वर्षापूर्वीच माळ्यावर गेला होता.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून हेमांगीने हरवलेल्या शब्दांची वही केली होती. घरातल्या वस्तू एका पानावर, नाती दुसऱ्या पानावर, गावं, भावना, क्रमांक. शंभरावर शब्द झाले होते. डॉक्टरांनी वही चाळून पाहिली. कुठल्याच पानावर सगळे शब्द गेलेले नव्हते आणि कुठलंच पान कोरंही नव्हतं. ‘नवरा’ होता, ‘नवऱ्याला’ नव्हतं. ‘खरं’ होतं, ‘खऱ्या’ नव्हतं. भाषा अशीच कुठूनही विरते, असं त्या म्हणाल्या.

एकदा दुपारी कूस बदलून देताना कालिंदीबाई म्हणाल्या, “मला विचार.”

“काय विचारू, आई?”

“काहीही.”

हेमांगीने त्यांचे केस सारखे केले आणि “झोप हं आता,” म्हणून पडदा ओढला. त्यानंतर दोन दिवस कालिंदीबाई जवळजवळ बोलल्याच नाहीत.

विश्राममामा त्या रविवारी आले. कालिंदीबाईंचे ते थोरले भाऊ, वय बहात्तर, सांगलीला राहायचे. एरवी दर रविवारी यायचे, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मधले तीन रविवार चुकले होते. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात काम केलं होतं. पहिली बारा वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, मग संगणक आला आणि पुढची वर्षं त्यावर मजकूर लावण्यात आणि मुद्रितं तपासण्यात.

“काय कालिंदे, कसं काय?” त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

“बरी आहे, दादा. डोळा?”

“झकास. आता मुंगीचा पाय पण दिसतो बघ.”

हेमांगीने त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं आणि वही हातात दिली. ती त्यांच्यासाठी पोहे करायला लागली. मामा ओट्याला टेकून वही वाचू लागले. आधी भरभर, मग सावकाश. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक शब्दातल्या एकाच जागी बारीक खूण करत सुटले, मुद्रित तपासताना करतात तशी.

“हेमा,” ते म्हणाले, “हे शब्द तू अर्थाप्रमाणे लावलेस.”

“होय. डॉक्टरांनी सांगितलं तसे.”

“अर्थ सोड. अक्षरं बघ. दुसऱ्या. तिसऱ्या. पायऱ्या. कुऱ्हाड. चेहऱ्यावर. वाऱ्याने. साताऱ्याला. बऱ्याच.” त्यांनी वही तिच्यापुढे धरली. “एकूण एक शब्दात हा र आहे. रफार नव्हे, तो डोक्यावर चढतो. हा आडवा, पापणीसारखा, पुढच्या अक्षराला टेकून बसणारा. आमच्या वेळी याचा खिळा वेगळा, खिळ्यांच्या केसमध्ये खणही वेगळा. एकदा शाळेच्या अहवालात मी ‘आचार्यांचा सत्कार’ऐवजी ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापला होता. मालकांनी आठवडाभर मला सोलून काढलं. हा र मी विसरेन होय?”

हेमांगीने गॅस बंद केला. दोघं खाटेपाशी आले.

“कालिंदे, मी म्हणतो ते म्हण. सूर्याला नमस्कार.”

“सूर्याला नमस्कार.”

“कार्यालयात जा.”

“कार्यालयात जा.”

“आता आपलं गाव. कराड.”

“कराड.”

“जुने लोक म्हणायचे तसं म्हण. तू स्टँडवर म्हणायचीस तसं. कऱ्हाड.”

टक्.

कालिंदीबाईंनी भावाकडे पाहिलं. डोळे एकदम मोठे झाले होते.

“एकच गाव,” मामा म्हणाले. “एका पद्धतीने लिहिलं की येतं, एका पद्धतीने लिहिलं की जातं. आजार डोक्यात शिरला, तर तो शुद्धलेखन बघून शब्द उचलेल का गं?”

हेमांगी खाटेच्या कडेला बसली.

“मी सांगत होते,” कालिंदीबाई म्हणाल्या.

डॉ. पटवेगारांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “या विशिष्ट उच्चाराचाच दोष असू शकतो, तेही नाकारता येत नाही,” त्या म्हणाल्या. मग स्वतःहूनच पुढे म्हणाल्या, “पण मी फक्त फाइली मोजल्यात का, एवढंच विचारलं होतं. उघडतात का, हे विचारायला हवं होतं. कंपनीला मीच फोन करते.”

सोमवारी सकाळी कंपनीची अभियंता पुण्याहून मिरजेत आली. प्रणोती तिचं नाव, तिशीची असेल. तिने पेटीला आपला लॅपटॉप जोडला, यादीतला ‘पायऱ्या’ हा शब्द घेतला, मग फाइलींच्या ढिगातून त्याच नावाची फाइल काढून शेजारी ठेवली. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसत होती. तिने दोन्हींची तुलना करायला सांगितलं. यंत्राने उत्तर दिलं: वेगळी आहेत.

प्रणोतीने ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्ची वळवून थेट कालिंदीबाईंशी बोलू लागली. हेमांगीच्या ते लक्षात आलं. कितीतरी दिवसांत कुणी असं आईकडे तोंड करून बोललं नव्हतं.

“मावशी, फाइल उघडायची तर यंत्राला तिचा पूर्ण मार्ग लागतो. आधी कुठला कप्पा, त्याच्या आत कुठला कप्पा, शेवटी फाइलचं नाव. तुमच्या गाडीचा मार्ग असतो ना, तसाच. हा मार्ग लिहायची रीत प्रत्येक संगणक-प्रणालीची वेगळी. कुणी दोन कप्प्यांच्या मध्ये इकडे झुकलेली तिरकी रेघ देतं, कुणी तिकडे झुकलेली. कुणाला इंग्रजीतलं मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच, कुणाच्या लेखी ती दोन वेगळी नावं. जुन्या पेटीची प्रणाली एक होती, नवीची दुसरी. हे फरक आम्हाला माहीत होते. ते सगळे आम्ही सांभाळले.”

“मग?” मामांनी विचारलं.

“संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. तुमचा हा आडवा र ज्या अक्षरापासून तयार होतो, ते दोन प्रकारे साठवता येतं. एक अखंड अक्षर म्हणून, म्हणजे एक आकडा. किंवा साधा र आणि त्याच्याखाली टिंब, असे दोन आकडे. दिसायला काहीच फरक नाही. जुनी पेटी फाइलचं नाव लिहिताना त्या अक्षराची फोड करून दोन आकडे लिहायची, पण शोधताना दोन्ही प्रकार एकच धरायची. त्यामुळे कधी अडलं नाही. नवी पेटी जे नाव मिळालं ते जसंच्या तसं ठेवते, आणि आकडान् आकडा जुळला तरच फाइल देते. यादीत आहे एक आकडा, फाइलीवर आहेत दोन.”

“पण पहिले तीन आठवडे तर काहीच झालं नाही,” हेमांगी म्हणाली.

“कारण नव्या पेटीला सापडलं नाही की ती जुनीला विचारायची. जुनी पेटी घरातून नेली त्या दिवशी तो आधार गेला. फाइली सगळ्या आल्या होत्या, म्हणून मोजणीत काही निघालं नाही.” प्रणोतीचा आवाज खाली गेला. “बदल करण्याआधी आम्ही इंग्रजी आणि हिंदीत तपासणी केली होती. हिंदीत हे अक्षर लागत नाही.”

“मराठीत लागतं,” मामा म्हणाले.

“हो. चूक आमची आहे.”

कालिंदीबाईंची नजर पडद्यावरच्या दोन नावांवर गेली. “गाडी फलाटावरच उभी होती,” त्या म्हणाल्या. “पाटी वेगळी होती.”

प्रणोती पहिल्यांदाच हसली. “अगदी तसंच, मावशी.”

अशा दोनशे सदतीस फाइली निघाल्या. त्यांची नावं यादीशी जुळवून लिहायला वीस मिनिटं लागली. डॉ. पटवेगारही दुपारचे रुग्ण सोडून आल्या होत्या. सगळे खाटेभोवती उभे राहिले.

“मावशी, काहीतरी बोला,” प्रणोती म्हणाली.

“तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा,” कालिंदीबाई म्हणाल्या. “हेमा, तू बस.”

दार लागलं. हेमांगी स्टुलावर बसली.

“पायऱ्यांवर उभी राहून तू डॉक्टरांना नको म्हणालीस,” कालिंदीबाई म्हणाल्या. एकही ‘टक्’ झाला नाही. “ते मी ऐकलं.”

हेमांगीने मान खाली घातली. “आई, मला वाटलं…”

“तुला वाटलं मी गेले.”

“होय.”

“मी इथेच होते.” पेटीतला आवाज तोच होता, स्वच्छ, सगळ्या स्टँडला ऐकू जाणारा, आणि त्याला थरथरणं जमत नव्हतं. “तू दमली होतीस. दुसऱ्या कुणी केलं नसतं ते तू केलंस. त्या नकाराचा राग नाही मला. पण तू विचारायचं सोडून दिलंस. चहा हवा का, गाऊन कुठला, टीव्ही लावू का. नळी नको म्हणालीस त्यापेक्षा ते जास्त लागलं.”

हेमांगी रडली. कालिंदीबाईंनी तिला रडू दिलं. त्यांचा हात हलत नव्हता, म्हणून थोड्या वेळाने हेमांगीनेच तो उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“आता विचारते,” ती म्हणाली. “नळी घालायची?”

“घाला.” मग त्यांनीच पुढे सांगितलं, “भीती वाटते. पण घाला. मला अजून पुरे झालेलं नाही.”

“बरं.”

“आणि ज्या दिवशी पुरे म्हणेन त्या दिवशी खरंच पुरे. तेव्हा आधी मशीन तपासून घे, मग माझं ऐक.”

हेमांगीला रडता रडता हसू आलं.

ऑपरेशन महिन्याच्या आत झालं. श्वासयंत्राचा फसफस आवाज घराला सवयीचा व्हायला दोन आठवडे लागले. पण पेटीचं बोलणं श्वासावर अवलंबून नव्हतं. शुद्धीवर आल्यावर कालिंदीबाईंनी आधी नर्सला तिचं गाव विचारलं, मग तिथे जाणाऱ्या गाडीचा मार्ग तिला सांगितला.

मधल्या काळात कंपनीने सगळ्या मराठी रुग्णांच्या पेट्या तपासल्या. एकेचाळीस जणांच्या पेटीत तोच दोष निघाला. बहुतेकांच्या फाइली दुरूनच दुरुस्त झाल्या. सहा जणांच्या पेट्या मात्र पूर्णच बंद होत्या. शब्द गळू लागले तशी ती माणसं चिडत गेली होती, मग गप्प झाली होती, आणि ती गप्प झाल्यावर घरच्यांनी पेटी बंद करून ठेवली होती. त्यांतली पाच घरं तयार झाली. सहावं घर औशाचं. पिठाची गिरणी चालवणारे नागनाथ बिराजदार. नवी पेटी त्यांना पहिल्याच तुकडीत, वर्षापूर्वी मिळाली होती, आणि ती बंद होऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या बायकोने प्रणोतीला फोनवरच सांगितलं होतं, “एकदा मन घट्ट केलंय बाई आम्ही. पुन्हा उकरू नका.”

प्रणोतीने हे सहज म्हणून हेमांगीला सांगितलं. ते कालिंदीबाईंच्या कानावर पडलं.

“तू जा,” त्या म्हणाल्या.

“मी? मी जाऊन काय करणार, आई? मला त्यातलं काय कळतं?”

“यंत्राचं प्रणोती बघेल. तू काय केलंस, ते त्यांना सांग.”

हेमांगी चादरीची घडी घालू लागली.

“तुला खाली बघायला लावायचं म्हणून नाही सांगत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “तुझं ऐकतील. माझं ऐकलं तर म्हणतील, ही नशीबवान. इथे दादा आहे दोन दिवस.”

हेमांगी प्रणोतीबरोबर औशाला गेली. शिवकांताबाई बिराजदारांनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. घर स्वच्छ होतं. आतल्या खोलीत खाटेवर नागनाथराव होते, दाढी केलेली, पांढरीशुभ्र चादर. या माणसाची कुठली आबाळ झालेली नाही, हे बघताक्षणीच कळत होतं. वर पंखा फिरत होता. त्यांचे डोळे दारात उभ्या असलेल्या बायकांवर आले आणि पुन्हा छताकडे गेले.

हेमांगीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वहीचं सांगितलं, गाऊनचं, पडदा ओढल्याचं. पायऱ्यांवर काय बोलली तेही. शिवकांताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

“मग तुमच्या आई बोलल्या का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“बोलल्या.”

“काय बोलल्या?”

“मला रागावल्या.”

शिवकांताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. “ह्यांनी बी लई रागावतील,” त्या म्हणाल्या. “आठ महिने झाले ओ.”

“रागावले तर बरंच की.”

बाईंनी मान हलवली आणि कपाटातून, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली पेटी काढून प्रणोतीच्या हातात दिली.

फाइली जुळवणं सोपं होतं. पण इतक्या महिन्यांत ठसे थोडे सरकले होते. प्रणोतीने नागनाथरावांकडून दोन तास सराव करून घेतला, एकेक शब्द दाखवून. एक शब्द लागला की त्यांचा श्वास जोरात व्हायचा. मग ती म्हणाली, “आता बोलतील. तुम्हीच विचारा त्यांना.”

शिवकांताबाई खाटेजवळ आल्या. काय विचारावं ते त्यांना सुचेना. “अहो,” त्या म्हणाल्या, “काही सांगायचंय का?”

पेटी बराच वेळ गप्प होती. हेमांगीला भीती वाटली की आपण उशिरा आलो.

“पंखा बंद कर,” जाडाभरडा, गिरणीवाल्याचा आवाज आला. “वाऱ्यानं कान दुखतोय. लई दिवस झाले.”

शिवकांताबाई भिंतीपाशी गेल्या आणि बटण दाबलं. पाती मंदावत मंदावत थांबली. बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, बटणावर बोट ठेवून. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, खाटेच्या काठावर येऊन बसल्या, नवऱ्याचा कान आपल्या तळहाताने झाकला आणि विचारलं,

“आणखी?”